विसाजीपंतांच्या डोक्यावरचा धोंडा

नदीकाठच्या एका मुलखासाठी दोन राजे नऊ वर्षे लढले. शेवटी एक जिंकला, एक पळाला आणि गावे होती तिथेच राहिली. जिंकलेल्या राजाला हे काही बरे वाटेना. मुलूख आपला झाला, तर तो आपला दिसायलाही हवा, असे त्याचे म्हणणे. म्हणून त्याने विसाजीपंत नावाचा आपला मोजणीदार तिकडे पाठवला.

विसाजीपंत कामाला फार चोख. त्यांनी दोरी लावून मुलखाचे बारा सारखे भाग पाडले आणि त्यांना तर्फा म्हटले. दोरी सरळ गेली पाहिजे, मग मध्ये काहीही येवो. बोरखेडी गावाच्या तर ती मधोमध गेली. सासूची चूल पाचव्या तर्फेत राहिली आणि सुनेची सहाव्या. मग पंतांनी तीनशे गावांना नवी नावे दिली. राजाच्या विजयांची नावे झाली, राजपुत्रांची झाली, एका गावाला राजाच्या लाडक्या घोड्याचेही नाव मिळाले. बोरखेडीचा वरचा भाग जयनगर झाला, खालचा हर्षपूर. जुन्या नावांची वही पंतांनी पाण्यात भिजवली, तिचा लगदा केला आणि त्या लगद्याच्या कागदावर नवी यादी लिहिली.

वर दवंडी पिटली. जो जुने नाव तोंडातून काढील, त्याने दिवस मावळेपर्यंत चावडीपुढे डोक्यावर धोंडा घेऊन उभे राहावे! पहिल्या महिन्यात पन्नास माणसे उभी राहिली. दुसऱ्या वर्षी एकही नाही. राजा खूश झाला आणि येत्या दसऱ्याला पंतांना पालखीचा मान द्यायचे ठरले.

दसरा आठ दिवसांवर आला, तेव्हा राजाने लढाईत धरलेले कैदी सोडले. प्रत्येकाने नदीच्या घाटावर आपले गाव लिहून द्यायचे. ते यादीत सापडले तर नावेत बसायचे. तीन दिवसांत सापडले नाही, तर तो हेर समजून परत किल्ल्यात. एकदा लिहून दिलेले गाव बदलायची सोय नव्हती. एकंदर एक्केचाळीस कैदी आले. सात-सात वर्षे अंधारकोठडीत काढलेली माणसे ती, त्यांना नवी नावे कोण सांगणार? घाटावरच्या शिपायाने यादीवरून बोट फिरवले आणि एक्केचाळीस वेळा एकच उत्तर दिले, "या नावाचं गाव नाही."

दुसऱ्या दिवशी येसाई नावाची म्हातारी चावडीत आली.

"पंत, माझा लिंबाजी पल्याड बसलाय. तुमचा शिपाई म्हणतो, त्याचं गावच नाही."

"कोणतं गाव सांगतो तो?"

येसाईने तोंडावर पदर धरला. "ते मी बोलले तर डोक्यावर धोंडा येईल. तुम्हीच ओळखा."

पंतांना ओळखता येईना. ते परमुलखातले, तीनशे जुन्या नावांतले एकही त्यांच्या लक्षात राहिले नव्हते, आणि जुनी वही तर त्यांनी स्वतःच बुडवली होती. त्यांनी घाटावरून कैद्यांची यादी मागवली आणि रात्रभर चाळली. एकही गाव जुळेना. गप्प बसले असते तर पालखी दारात येत होती. पण म्हातारी चावडीच्या पायरीवरून उठत नव्हती, आणि पंतांची नजर पुन्हा पुन्हा तिच्याकडे जाई.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आसपासच्या गावांना चावडीपुढे बोलावले. "ज्यांना जुनी नावं ठाऊक असतील, त्यांनी सांगावं. कोणाला काही होणार नाही."

कोणी पुढे येईना. एक म्हातारा हात जोडून म्हणाला, "आम्हाला काय ठाऊक असणार, सरकार? तुम्हीच विसरायला लावलंत."

आपल्याला पकडायचा हा नवा डाव आहे, असेच प्रत्येकाला वाटत होते. मग पंतांनी पागोटे काढून बाजूला ठेवले, चावडीपुढचा धोंडा उचलून डोक्यावर घेतला आणि कैद्यांची यादी डोळ्यांपुढे धरून मोठ्याने वाचले, "बोरखेडी."

वर्षभरात तो शब्द कोणी उघड्यावर ऐकला नव्हता. येसाई रडत रडत ओरडली, "ते आता हर्षपूर!" मागून कोणी म्हणाले, "अर्धं जयनगर!" पंतांनी दोन्ही नावे लिहायला सांगितली. कारकुनाने नव्या यादीत आणखी एक रकाना आखला. पंतांनी दुसरे गाव वाचले, तिसरे वाचले. दुपारपर्यंत एक्केचाळीसही जणांची गावे जुळली आणि स्वार यादी घेऊन घाटावर पळाला. पण शिक्षा दिवस मावळेपर्यंतची होती, म्हणून पंत दिवस मावळेपर्यंत उभेच राहिले. कोणी धोंडा उतरवायला हात लावला, तर त्याच्यावर ते खेकसले. त्यानंतर तो धोंडा पुन्हा कोणाच्या डोक्यावर चढला नाही.

पुढे ही गोष्ट राजाच्या कानावर गेली. पालखी गेली आणि मोजणीदारीही गेली. जुन्या नावांचा रकाना मात्र राजाने राहू दिला, कारण त्याच्या स्वतःच्या स्वारांना रस्ता शोधायला तोच उपयोगी पडू लागला होता. पण हे नंतरचे.

त्या संध्याकाळी नाव अलीकडे लागली. लिंबाजी वाळून काडी झाला होता. येसाईने त्याचा हात धरला आणि गावापर्यंत सोडला नाही. वेशीवरच्या नव्या दगडाकडे पाहून तो थबकला.

"आई, आता आपल्या गावाला म्हणायचं तरी काय?"

"सरकारात विचारलं तर हर्षपूर म्हण. पण बाबा, तू बोरखेडीत आलास बघ, बोरखेडीत!"

भर रस्त्यात ती ते ओरडून बोलली, आणि दारादारांतल्या बायका पाण्याचे तांबे घेऊन त्याचे पाय धुवायला पुढे आल्या.

तात्पर्य: जिंकणाऱ्याने गावाला हवे ते नाव द्यावे, पण घरी परतणारा माणूस जुन्याच नावाने वाट विचारतो. आपल्या हुकमाने कोणाची वाट बंद झाली असेल, तर ती उघडताना पहिला भार आपल्या डोक्यावर घ्यावा.