चिंधी बांधलेला दुधी

भाज्या बोलायच्या आणि माणसं ऐकायची नाहीत, त्या काळातली गोष्ट. हौसाक्कानं परसातल्या वेलावरच्या थोराड दुधीला लाल चिंधी बांधली, तसा तो लटलटा कापू लागला.

"बळीच्या बोकडालाही अशीच खूण करतात हो!" कारल्यानं डिवचलं.

आक्का रोज विळा घेऊन यायची. बाकीचे दुधी कापून न्यायची आणि याला नुसतं चाचपायची. बिचारा भीतीनं वाळत चालला, आतून खडखडू लागला.

अखेर तिनं त्याला तोडलं, कानाशी हलवलं आणि पोरीसारखी हसली. कुंपणापलीकडच्या शेजारणीला म्हणाली, "अगं कोंडाबाई, बियाणं खुळखुळतंय बघ! धर, मूठभर तुलाही."

पुढच्या साली कुंपणाच्या दोन्ही अंगांना वेल चढले. कोंडाबाईनं हौसेनं एका दुधीला चिंधी बांधली. तो लटलटा कापू लागला.