आधी निकाल सांग

केतकी तांडेलने गावच्या खाडीतली कालवं तपासली, तर त्यांत शिसं सापडलं. शोधनिबंधाच्या गोषवाऱ्यात तिने हे पहिल्याच ओळीत लिहिलं. तिचे मार्गदर्शक निरगुडकर सर यांनी नेमकी तीच ओळ खोडली.

"आधीच सांगितलंस तर निबंध कोण वाचेल? खाडीची थोरवी लिही, मगच सही."

केतकीचं डोकं फिरलं. अख्खं गाव ती कालवं खात होतं!

तेवढ्यात बाहेरच्या फलकावर विभागप्रमुखाच्या निवडीचा निकाल लागला. सर त्याच पदासाठी देव पाण्यात घालून बसले होते. केतकी बाहेर जाऊन निकाल वाचून आली.

"सर, निकाल लागला. आपल्या विभागाला थोर परंपरा आहे. समितीने सखोल विचार केला..."

"अगं, निवड कोणाची झाली?"

"आधीच सांगितलं तर पुढचं कोण ऐकेल?"

सरांनी मुकाट्याने ती ओळ परत लिहिली, खाली सही ठोकली. "आता तरी बोल!"

"तुमची नाही झाली, सर. बघा, एका ओळीत मावलं."