तिसरा डावा पाय

लेक शर्वरी एकटीनं विमान उडवून सुखरूप उतरली, की खणानारळानं ओटी भरीन, असा नवस अनसूयाबाई देवीला बोलल्या होत्या. देवीची काही हरकत नव्हती. अडून बसले होते ते फ्लाइंग क्लबचे सर्वज्ञ प्रशिक्षक, कॅप्टन घारपुरे.

दसरा झाल्यापासून क्लबचं छोटं विमान सरळ उडता उडता डावीकडे ओढायचं. कॅप्टनांनी विमानाला हातही न लावता निदान केलं, "ही पोरगी डावं पेडल दाबून ठेवते. मुलींचे पाय फुगडीलाच बरे! उद्यापासून हिचं नाव कमी."

"साहेब, एकदा मलाही दाखवा ना," अनसूयाबाई नम्रपणे म्हणाल्या. साहेबांना प्रेक्षक आवडत. शर्वरीला चालवायला बसवून ते स्वतः तिच्या शेजारी बसले आणि बाईंना त्यांनी मागच्या सीटवर बसवून घेतलं.

वर गेल्यावर विमान डावीकडे वळू लागलं. "बघा!" कॅप्टन गरजले.

"शरू, पेडलवरचे पाय काढ गं. साहेब, तुमच्या पेडलवरचे तुम्हीही काढा."

दोघांनी पाय काढले. विमान आपलं डावीकडेच.

अनसूयाबाईंनी हात जोडले. "साहेब, आता हा तिसरा डावा पाय कोणाचा हो?"

उतरल्यावर मेकॅनिकनं शेपटी तपासली. रडरवरची, म्हणजे शेपटीच्या सुकाणूवरची, विमान सरळ ठेवणारी छोटी पट्टी वाकली होती. दसऱ्याच्या पूजेत झेंडूचा जाडजूड हार कॅप्टनांनी स्वहस्ते तिलाच आवळून बांधला होता, फोटो छान यावा म्हणून. पट्टी सरळ झाली, शर्वरी एकटी उडाली, देवीची ओटीही भरली.

बायांनो, तुमच्याही लेकीवर कोणी असा ठपका ठेवला, तर नवस जरूर बोला. पण देवी पावेपर्यंत मागच्या सीटवर जाऊन बसत जा.