न संपणारा आंबा

चितारआळीच्या टोकाला सुरंगीचं घर होतं. घर इवलंसं. पडवीत लाकडाचा भुसा आणि भिंतीला रंगांचे शिंतोडे. सुरंगी आठ वर्षांची. तिच्याकडे परकर दोनच. एक अंगावर, एक दोरीवर.

तिचे बाबा, भिकाजी चितारी, लाकडाची खेळणी करायचे. पांगाऱ्याचं हलकं लाकूड घ्यायचे. वाकसाने तासायचे, पटाशीने कोरायचे, कानशीने घासायचे. मग चिंचोक्याची खळ, आणि खळीवर रंग. लाल चोचीचे हिरवे पोपट. पिवळीधमक केळी. इवल्या देठांची जांभळी वांगी. आणि आंबे! एका गालावर केशरी, दुसऱ्यावर पिवळे, देठाशी जरासे हिरवे. माश्यासुद्धा फसायच्या आणि ओशाळून उडून जायच्या.

पण बाजारात प्लास्टिकच्या गाड्या आल्या. बटण दाबलं की त्या ओरडायच्या. बाबांची खेळणी ओरडत नव्हती. ती फळीवर गप्प बसून राहिली. सुरंगीची आई काजूच्या कारखान्यात जाऊ लागली. काजूच्या तेलाने तिची बोटं काळी पडली.

नवरात्राच्या आदल्या दिवशी बाबांनी एक पेटी बनवली. मोठी, मजबूत, कोपऱ्यांना खाचा जुळवलेली.

"बाबा, ही कुणाची?"

"हत्यारांची. खंडेनवमीला हत्यारं पुजीन. दसऱ्याला पेटीत भरून कुलूप घालीन. मग मी शहरात जाणार. प्लास्टिकच्या खेळण्यांच्या कारखान्यात राखणदार म्हणून."

"परत कधी येणार?"

बाबा पेटीची कड घासत राहिले. ती घासायची गरज नव्हती.

सुरंगी रडली नाही. तिने आईचा फोन घेतला. शाळेतल्या बाईंनी तिला दाखवलं होतं की फोनमध्येही दुकान मांडता येतं. फोटो काढायचा, नाव लिहायचं, झालं. तिने टोपलीत आंब्याची पानं अंथरली. वर बाबांचे दोन डझन आंबे रचले. फोटो काढला. खाली लिहिलं, 'चिताऱ्यांचे आंबे.'

शेजारचे सीतारामकाका कुंपणावरून हसले. "फोनवर दुकान? आता फोनवरच घावणेपण भाजा गो!"

खरंच, दुकानात कुणी आलं नाही. चिटपाखरूसुद्धा नाही.

संध्याकाळी बाबा म्हणाले, "उद्या पांगाऱ्याची एक फांदी तोडतो. नऊ दिवस हात रिकामे नकोत. जा, झाडाला सांगून ये."

चिताऱ्यांची तशी रीतच होती. झाड तोडण्याआधी एक दिवस झाडाला सांगायचं. सुरंगी बांधावर गेली. पांगारा काटेरी, उंच, नुसता हिरवा. फुलांचे दिवस नव्हते. तिने खोडावर हात ठेवला.

"झाडात कुणी राहत असेल तर उद्यापर्यंत घर बदला गे!"

सगळे चितारी एवढं ओरडून लगेच घरी जायचे. सुरंगी थांबली. सांगितलं आहे, तर उत्तर ऐकायला नको का?

"मी नाही बदलणार!" वरून आवाज आला. बारीक. घुंगरू किणकिणल्यासारखा.

सुरंगीने मान वर केली. एका काट्यावर एक चिमुकली परी बसली होती. बोटाएवढी. पांगाऱ्याच्या लालभडक पाकळीचा परकर, चतुराचे चकचकीत पंख, गुंजेसारखे डोळे. ती पाय हलवत होती. एवढ्याशा पायांत सोनेरी पैंजण झगमगत होते.

"अगं बाई! खरंच कुणी राहतं?"

"राहतं म्हणजे? सात पिढ्या राहते! तुझ्या पणज्याने इथेच ओरडून सांगितलं होतं. उत्तर ऐकायला थांबला नाही. माझं घर गेलं. मग मी या फांदीवर आले."

सुरंगीला वाईट वाटलं. "मग ही फांदी नाही तोडणार. बाबांना सांगते. ती वाऱ्याने पडलेली खाली आहे ना, ती नेते."

परीने टाळी वाजवली. सोनेरी पराग भुर्रकन उडाला आणि सुरंगीच्या नाकावर बसला.

"थांबलीस आणि ऐकलंस! तीन इच्छा माग. पण दोन नियम आहेत हं. पहिला. इच्छा एकटीसाठी मागायची नाही. दुसरा. फोनच्या चित्रात जे दाखवशील, तेच पाठवलेल्या खोक्यात निघालं पाहिजे. तसूभर फरक पडला की माझी जादू फुर्र!"

सुरंगीने विचारच केला नाही. "बाबांची खेळणी सगळ्या जगाला दिसू देत!"

परीने सुरंगीच्या हातातल्या फोनवर फुंकर मारली. फोन गुदगुल्या झाल्यासारखा थरथरला.

सकाळी सुरंगी जागी झाली ती आवाजाने. टिंग! टिंग! टिंगटिंगटिंग! कोंबडा आरवायचा विसरला. आई चुलीपुढून उठून आली. बाबा पटाशी हातात घेऊन उभे राहिले. पुणे, नाशिक, सोलापूर, जळगाव! सगळ्यांना आंबे हवेत. कुणाला दोन टोपल्या, कुणाला दहा!

"बाबा, शंभर झाले! बाबा, दोनशे!" सुरंगी अंगणभर नाचली. परकराचा भोवरा झाला.

मग आईने एक निरोप वाचला. तिचा चेहरा पडला.

"आश्विनात आंबे! झाडावर पिकवलेत की आढीत? रस किती निघेल?"

सुरंगीने फोटोखाली 'लाकडाचे' असं लिहिलंच नव्हतं. चितारआळीत ते कोण लिहितो? चिताऱ्याचा आंबा लाकडाचाच, हे इथल्या गाईला माहीत. पुण्याला माहीत नव्हतं.

सीतारामकाका कुंपणावर होतेच. "पाठवून द्या! पैसे आधी, चावा नंतर. ते काय तुमच्या दारात भांडायला येणार?"

सुरंगीने बाबांकडे पाहिलं. तिला दुसरा नियम आठवला. तिला पेटीही आठवली. खरं लिहिलं तर लोक जातील. लोक गेले तर बाबा जातील.

"बाबा, काय करू?"

"मला काय विचारतेस? माझ्या आंब्यात कधी खोट निघाली काय?"

"नाही."

"मग तुझ्या लिहिण्यात कशी निघेल? लिही."

सुरंगीने डोळे पुसले. एकेकाला लिहिलं. 'माझी चूक झाली. आंबे लाकडाचे आहेत. खायचे नाहीत, खेळायचे आहेत.'

टिंग, 'नको.' टिंग, 'नको.' टिंग, 'लाकूड काय चघळू?' दोनशेचे शंभर झाले. शंभराचे दहा झाले. दुपारपर्यंत दुकान पुन्हा ओसाड.

एकच निरोप उरला. नागपूरचा. एका आईने लिहिला होता.

'माझी रेवा सहा वर्षांची आहे. ती विचारते, लाकडाचा आंबा म्हणजे तो कधी संपणारच नाही ना? मग तिला तोच हवा. टोपलीतले सगळे पाठवा.'

सुरंगीने तो मोठ्याने वाचला. बाबांनी पुन्हा वाचायला सांगितलं. तिने पुन्हा वाचला.

"कधी संपणारच नाही," बाबा हळूच म्हणाले. ते कधी हसत नसत. त्यांची मिशी जराशी हलली.

आंबे दोन डझन. घरात एवढं मोठं खोकं नव्हतं. बाबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग कोपऱ्यातली पेटी पुढे ओढली.

"हिच्यात बसतील."

पेटीत भुसा घातला. भुशात आंबे निजवले. वर सुरंगीने एक हिरवा पोपट ठेवला, बक्षीस म्हणून. पोपटाची शेपटी जराशी टवकलेली होती. तिने चिठ्ठीत तेही लिहिलं.

ती धावत बांधावर गेली. "परी, परी! दुसरी इच्छा. पेटी रेवाला लवकर मिळू दे. एकही आंबा न फुटता!"

"एकटीसाठी नाही ना?"

"रेवासाठी. आणि आंब्यांसाठी."

परी इतकी हसली की काट्यावरून घसरली आणि हवेतच गिरकी घेऊन थांबली. त्या दिवशी पोस्टमनची सायकल चढणीवर आपोआप पळाली. पोस्टमन नुसते हँडल धरून ओरडत होते, "अरे थांब, अरे थांब!"

सहाव्या माळेला फोन वाजला. रेवाने व्हिडिओ पाठवला होता. तिने अंगणात दुकान मांडलं होतं. डोक्याला आईचा पदर, हातात तराजू, खांद्यावर शेपटी टवकलेला पोपट. ती घसा ताणून ओरडत होती, "घ्या आंबे, न संपणारे आंबे! आज खा, उद्या खा, पुढच्या वर्षी पण खा!" गल्लीतली पोरं रांगेत उभी होती. एक आजोबा दात नसलेल्या तोंडाने आंबा खाल्ल्याचं सोंग करत होते. आणि सगळे, अगदी सगळे, हसत होते.

रेवाच्या आईने तो व्हिडिओ सगळ्यांना दाखवला. मग काय! टिंग! टिंग! टिंगटिंगटिंग! या वेळी लोक विचारत होते, "लाकडाचेच आहेत ना? नक्की? मग पाठवा! वांगी पण! पोपट पण! टवकलेला असला तरी चालेल!" आई हसत हसत लिहून घेत होती. सीतारामकाका कुंपण ओलांडून आत आले. त्यांनी गुपचूप कानस उचलली आणि केळी घासायला बसले.

खंडेनवमीच्या पहाटे सुरंगी पांगाऱ्याखाली उभी राहिली. तिच्या हातात पांगाऱ्याची एक काडी होती.

"शेवटची इच्छा," परी म्हणाली. तिचे गुंजेचे डोळे लुकलुकत होते. "नीट माग हं. मग मी दिसणार नाही."

"आता खूप लाकूड लागेल. तुझी घरं पडतील. आम्ही एक फांदी तोडली की एक लावू. ती लावलेली प्रत्येक काडी रुजू दे."

परी खाली उतरली. सुरंगीच्या अंगठ्यावर उभी राहिली. ती फुलाहून हलकी होती.

"सात पिढ्यांत माझ्या घराचा विचार कुणी केला नव्हता, बाये."

सुरंगीने काडी मातीत खोचली. परीने काडीला पायाच्या बोटाने स्पर्श केला. तिला हिरवा, कोवळा, इवलुकला कोंब फुटला. आणि परी उजळू लागली. आधी केशरी, मग सोनेरी, मग डोळे दिपवणारी पांढरी. प्रकाशाचा एक झोत फांद्याफांद्यांतून झळाळत वर गेला. सुरंगीने डोळे उघडले तेव्हा परी नव्हती. सारा पांगारा लाल झाला होता. ऐन आश्विनात! एकही पान दिसत नव्हतं. नुसती फुलं, फुलं, फुलं!

तिने परकराचा ओचा भरून फुलं आणली. वाकस, पटाशी, कानस, करवत पाटावर मांडली होती. बाबांनी गंध लावलं, वर लाल फुलं वाहिली. हात जोडले. आईच्या काळ्या बोटांवर लाल पाकळ्या विसावल्या.

दसऱ्याची सकाळ उजाडली. बाबा उठले, हत्यारांजवळ गेले. सुरंगी दाराआड उभी राहून पाहत होती.

"सुरंगे, पेटी कुठाय?"

"गेली की बाबा. आंबे घेऊन नागपूरला."

"मग हत्यारं कशात भरू?"

"नवी पेटी करा ना."

बाबांनी फळीकडे पाहिलं. फळी रिकामी होती. एक पोपट नाही, एक केळं नाही. त्यांनी पटाशी उचलली, अंगठ्याने धार पाहिली आणि लाकडापुढे मांडी घालून बसले.

"करीन," ते म्हणाले. "आधी आंबे तर होऊ देत."

ते आंबे अजून होताहेत. पेटी काही झालेली नाही.