प्रभूचं ताट

समुद्राकाठच्या एका गावात एक म्हातारी एकटीच राहायची. तिचा मुलगा इनास गलबतावर कामाला गेला, तो परतलाच नव्हता.

त्या गावात नाताळच्या संध्याकाळी घरोघरी एक ताट जास्तीचं वाढायचे. त्याला प्रभूचं ताट म्हणत. दारी कुणी आलं तर ते त्याचं. म्हातारीही वाढायची, पण इनासच्या ताटात, इनासच्या जागी. दुसरं कुणी त्यात जेवलं तर आपला लेक परत यायचा नाही, असं तिच्या मनानं घेतलं होतं. म्हणून ती दार लावून घ्यायची आणि सकाळी ते अन्न कोंबड्यांना घालायची.

शेजारीण हसायची. "काकी, गावात खरा नाताळ तुझ्या कोंबड्यांचा गं!"

एका नाताळला म्हातारीचं जेवण उरकलं आणि दार वाजलं. बाहेर धुळीनं माखलेला एक वाटसरू उभा होता.

"आई, थोडं पाणी मिळेल?"

पाणी पिताना त्याची नजर ताटाकडे गेली. तांदळाची भाकरी, कोळंबीचं कालवण. त्यानं आवंढा गिळला.

"कुणी यायचंय वाटतं? असू दे. मी पुढं बघतो." तो पायरी उतरला.

घरात दुसरं काहीच शिल्लक नव्हतं. म्हातारी क्रुसासमोर उभी राहिली. रोजची प्रार्थना तिला तोंडपाठ होती, पण आज ती ओठांवर येईना.

"प्रभू, मी तुझ्याशी खोटं बोलत आले," ती म्हणाली. "हे ताट तुझं नाही. माझ्या लेकाचं आहे. मला नाही रे देववत! तूच काय ते बळ दे."

वरून आवाज आला नाही. पण कुणी रागावलंय असंही तिला वाटलं नाही. उलट कुणीतरी आपलं सगळं ऐकून घेतलं, असं वाटलं. ती धावतच दारात गेली.

"अरे बाबा, थांब! जेवून जा."

तो मान खाली घालून जेवला. ती समोर बसून बघत राहिली. न राहवून तिनं विचारलं, "एवढा फिरतोस, माझा इनास दिसला का रे कुठं? भुवईवर व्रण आहे त्याच्या."

"नाही दिसला, आई," तो हळूच म्हणाला. "पण आता बघत जाईन."

तो गेल्यावर तिनं ताट घासायला घेतलं. इतक्या वर्षांत ते प्रथमच कुणाच्या जेवणानं उष्टं झालं होतं. घासता घासता ती रडली.

इनास त्या वर्षी आला नाही. पुढच्याही नाही. ती अजून वाट बघते. मात्र नाताळच्या संध्याकाळी तिचं दार आता सताड उघडं असतं आणि कोंबड्यांना दाण्यांवरच भागवावं लागतं. ताट वाढून ती एवढंच म्हणते, "प्रभू, इथं येईल त्याला मी जेवू घालीन. तिकडे माझ्या इनासला घरात बोलव, असं तू कुणाला तरी सांग."

तात्पर्य: मनातलं दुःख देवापाशी जसंच्या तसं बोलावं, तो रागावत नाही. आणि आपल्या माणसासाठी राखलेला घास दारच्या भुकेल्याला दिला, तर तो देवालाच पोचतो.