घुंगरातला कापूस

एकदा एका वृद्ध दंतवैद्यांनी आपल्या शिष्येच्या वेणीच्या टोकाला घुंगरू बांधले. ‘काम करताना हे सोडायचं नाही,’ एवढेच म्हणून ते शेजारच्या खोलीत जाऊन बसले.

शिष्या चक्रावली. दातांवरचे कीटण खरवडण्यात तिचा हात धरणारे त्या दवाखान्यात कुणी नव्हते. रुग्णाच्या तोंडात जवळजवळ डोके घालून ती काम करी. गुरुजींनी तोंडात धरायचा छोटा आरसा दिला होता, पण वाकले की जे सरळ दिसते त्यासाठी आरसा कशाला, असे तिला वाटे.

एक गोष्ट मात्र तिने सर्वांपासून लपवली होती. तिची मान सतत दुखे आणि आता उजव्या हाताची दोन बोटे बधिर झाली होती. गुरुजींना कळले तर ते हातातले अवजार काढून घेतील, ही तिला धास्ती. या विद्येखेरीज तिला दुसरे काही येत नव्हते, आणि हातावर पोट असले की हात दुखतो म्हणायलाही माणूस कचरतो.

आता ती वाकली की वेणी खांद्यावरून पुढे घसरे आणि घुंगरू वाजे. एका आजीबाईंनी तर चूळ भरता भरता विचारले, ‘अगं, बाहेर कुणाची शेळी आली का?’

शिष्येला काही उमजेना. शिक्षा म्हणावी, तर चूक कोणती? थट्टा म्हणावी, तर गुरुजी थट्टा करणाऱ्यांतले नव्हते. विचारायचा धीर होईना. शेवटी तिने दवाखान्यातलाच कापूस घेऊन घुंगरात गच्च कोंबला. गुरूची आज्ञाही पाळली गेली आणि कटकटही मिटली. ती पुन्हा मनसोक्त वाकू लागली.

एके दिवशी एक व्यापारी आला. खालच्या दातांमागे कीटणाचा जाड थर होता, हिरडी सुजली होती.

‘शेटजी, इथे ब्रश फिरवत नाही का?’

‘फिरवायचो. पण रक्त यायचं, म्हणून तेवढी जागा सोडून देतो. आता काही त्रास नाही.’

‘अहो, रक्त येतं म्हणजे तिथं दुखणं आहे. रक्त दिसेनासं केलं म्हणून दुखणं जातं का?’

असे सुनावून ती वाकली. खरवडता खरवडता बधिर बोटांतून अवजार निसटले आणि शेटजींच्या ओठाला लागले. जखम लहानशीच होती, पण शेटजी ओरडले आणि गुरुजी धावत आले.

त्यांनी रक्त थांबवले, शेटजींची क्षमा मागितली. मग शिष्येची वेणी हातात घेऊन घुंगरू हलवले. ते वाजेना. चिमट्याने त्यांनी आतला कापूस ओढून काढला. शिष्येला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

‘मी पलीकडे बसून ऐकत होतो, बाळ,’ गुरुजी म्हणाले. ‘आवाज थांबला तेव्हा मला वाटलं, तू ताठ बसायला शिकलीस. तो आरसा तुझ्या मानेसाठी दिला होता. आपल्या विद्येत दातांवर अपार संशोधन झालं, पण दात साफ करणाऱ्याची मान आणि मनगट यांकडे फार उशिरा लक्ष गेलं. माझ्या बरोबरीचे किती चांगले हात असेच गेले. दुखलं की गोळी घ्यायची आणि पुन्हा वाकायचं, यालाच आम्ही निष्ठा समजायचो. आत्ता शेटजींना जे सांगितलंस, ते भिंतीपलीकडून ऐकलं मी. तुला वेगळं काय सांगू?’

शिष्या गोंधळून म्हणाली, ‘पण गुरुजी, मान सांभाळत बसले तर काम कोण करील?’

‘मान गेल्यावर कोण करील?’

तिने निसटलेले अवजार उचलून मुठीत धरले. मग विचारले, ‘अवजार काढून घेणार?’

‘काही दिवस, हो. अवजार असं निसटतं ते बोटं बधिर झाल्यावरच. ती बरी होईपर्यंत. विद्या कुठे जात नाही.’

‘आणि माझे दात?’ ओठावर बोळा धरून शेटजींनी विचारले.

गुरुजी स्टुलावर बसले. त्यांनी शेटजींची मान आपल्याकडे वळवून घेतली आणि आरसा धरून काम सुरू केले. शिष्या शेजारी उभी राहून पाहत होती. काम संपले तरी गुरुजींची पाठ वाकली नव्हती. ते हात धुवायला उठले, तेव्हा ती हळूच म्हणाली, ‘दुखतंय, गुरुजी. खूप दिवसांपासून दुखतंय.’

गुरुजींनी तेच स्टूल तिच्यापुढे सरकवले आणि म्हणाले, ‘बस. कुठं दुखतं ते दाखव.’