तीन पिकअप आणि एक घूं

शेंदूरवाडी नावाच्या गावात केरबा नावाचा एक भोळा गिटारवाला राहायचा. भोळा म्हणजे किती? तर लहानपणी आईनं त्याला सांगितलं होतं, "पाहुण्यांसमोर तोंड उघडू नकोस." तेव्हापासून पाहुण्यांच्या पंगतीतून तो उपाशी उठायचा. चाळिशी आली तरी उपाशीच उठायचा.

गिटार मात्र तो बरी वाजवायचा. दत्तोबा मास्तरांच्या ऑर्केस्ट्रात अकरा वर्षं तो गिटारीवर होता. गिटार विजेवरची. तारांच्या खाली तिचा पिकअप असतो. चुंबक, आणि त्याच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरच्या तारेची थरथर तो पकडतो आणि स्पीकरला सांगतो. वेढ्यांची एकच गुंडाळी असली की त्याला सिंगल कॉइल म्हणायचं. आवाज गोड देतो, पण जवळ मोटार असो, पंखा असो, ट्यूबलाइट असो, सगळ्यांचं ऐकून घेतो आणि घूंऽऽ करतो. म्हणजे स्वभावानं केरबासारखाच.

गेल्या वर्षीच्या जत्रेत त्याच्या गिटारीनं अशी घूं काढली की लोकांना वाटलं आग्या मोहोळ उठलं. बायका डोक्यावर पदर घेऊन पळाल्या. सरपंच भाषण अर्धं टाकून टेम्पोखाली जाऊन बसले. यंदा जत्रा पंधरा दिवसांवर आली, तेव्हा मास्तरांनी केरबाला बोलावून घेतलं.

"केरबा, तो जुना पिकअप काढ. यंदा पहिलं गाणं तुझं एकट्याचं. घूं आली तर दुसऱ्या दिवसापासून गिटार बंद. तुझ्या जागी मी ढोल वाजवायचा विजेवरचा पॅड घेणार."

केरबाला त्या दिवशी जेवण गेलं नाही. पाहुणे नव्हते तरी गेलं नाही. गिटारीशिवाय त्याला दुसरं काहीच येत नव्हतं, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी तो एसटीनं तालुक्याला गेला. तिथं बशीरचाचा वाद्यं दुरुस्त करायचे. चाचांनी तीन पिकअप काढून समोर ठेवले. तिन्ही सिंगल कॉइल.

"हा पहिला. वेढे कमी, आवाज बारीक पण लख्ख. हा दुसरा. वेढे जास्त, आवाज भरदार. हा तिसरा, जुना, मोठ्या चुंबकाचा. घरी लावून बघ. एक ठेव, दोन परत आण."

"पण चाचा, बरा कुठला ते कळायचं कसं?"

"सोपं आहे. बाकी सगळं तेच ठेवायचं, बदलायचा फक्त पिकअप."

"आलं ध्यानात," केरबा म्हणाला.

आता केरबाच्या ध्यानात काही आलं की शेजाऱ्यांनी दारं लावून घ्यावीत. पण हे शेजाऱ्यांना अजून कुणी सांगितलं नव्हतं.

सोमवारी संध्याकाळी सहा वाजता त्यानं पहिला पिकअप लावून वाजवला. वाजवताना कोपर लागून चहाचा कप चटईवर लवंडला. शेजारच्या तात्यांची म्हैस रेकली. सगळ्यात बारीक तार तटकन तुटली. केरबानं सगळं नीट लक्षात ठेवलं.

मंगळवारी सहा वाजता दुसरा पिकअप लावला. चहाचा भरला कप कोपरानं चटईवर पाडला. पक्कड घेऊन बारीक तार तोडली. मग वाट बघत बसला. त्याची बायको इंदू दारातून बघत होती.

"आता काय राहिलं?" तिनं विचारलं.

"म्हैस रेकंना."

"मग मी रेकू?"

"तू नको. काल म्हैस होती."

शेवटी तो उठून तात्यांच्या गोठ्यात गेला आणि म्हशीची शेपटी पिरगाळली. म्हैस रेकली नाही. तिनं लाथ घातली. रेकला तो केरबा. दोन गल्ल्यांपलीकडं ऐकू गेलं.

बुधवारी तो लंगडत चाचांकडं पोचला. "चाचा, तुलना वाया गेली. परवा म्हैस रेकली हुती, काल मी रेकलो."

चाचांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "अरे बाबा, म्हशीचा काय संबंध? स्पीकर तोच, तारा त्याच, बटणं त्याच जागी. झालं. आणि कुठला पिकअप लावलाय ते बघत बसू नको. डोळे मिटून घे. डोळ्यांनी बघितलं की कान फसतात."

"असं व्हय! आलं ध्यानात."

घरी येऊन केरबानं गिटार मांडीवर घेतली, पेचकस हातात घेतला आणि डोळे मिटले. चाचपडत गिटारीची पट्टी खोलली. पिकअपच्या वायरीला डाख द्यायचा होता. तापलेलं डाखयंत्र आधी चटईला लागलं, मग अंगठ्याला, तिसऱ्यांदा वायरीला. केरबाला आनंद झाला. त्यानं पट्टी बसवली, चारही स्क्रू पिळले आणि हात उचलला. हाताबरोबर गिटारही वर आली. त्यानं सदऱ्याची बाही पट्टीखाली घालून पक्की पिळली होती.

"अवो, डोळं उघडा की!" इंदू ओरडली.

"चाचांनी मिटायला सांगितल्यात. उघडायचं कवा ते सांगितलं न्हाई."

आता ते विचारायला चाचांकडंच जायला हवं होतं. इंदूनं त्याला हाताला धरून एसटीत बसवलं. कंडक्टरनं पुढची राखीव जागा रिकामी करून दिली. एक म्हातारी म्हणाली, "दिसत न्हाई बिचाऱ्याला, पण वाजिवतो. गुणी हाय गं बाई." केरबाला खूप बरं वाटलं. इंदू खिडकीबाहेर बघत बसली.

"डोळे उघड आधी!" चाचा गरजले.

केरबानं डोळे उघडले. "चाचा! तुमी हितं कसं?"

"माझंच दुकान आहे हे." चाचांनी स्क्रू काढून बाही सोडवली आणि कपाळावर हात मारला. "डोळे ऐकताना मिटायचे रे, काम करताना नाही. आणि हा पिकअप तारांना किती चिकटवलास बघ. चुंबक तारा ओढतो, मग सूर हलतो. जो जास्त ओढतो त्याला जास्त लांब ठेवायचं."

"असं व्हय! आलं ध्यानात."

इंदू म्हणाली, "चाचा, सांगताना जरा बेतानं सांगत जावा." पण चाचांना वाटलं ती विनोद करतेय.

तिसऱ्या पिकअपचा चुंबक सगळ्यात मोठा. म्हणजे त्याला सगळ्यात लांब ठेवायला हवं. केरबानं विचार केला आणि पंचवीस हात वायर जोडली. गिटार घरात ठेवली आणि पिकअप खिडकीतून, बोळ ओलांडून, तात्यांच्या पिठाच्या चक्कीत नेऊन मोटारीवर ठेवला. मग घरी येऊन, डोळे मिटून, त्यानं तारा छेडल्या. तारांचा काही आवाज आला नाही. तेवढ्यात तात्यांनी चक्की सुरू केली.

स्पीकरमधून जे बाहेर आलं त्यानं फळीवरचे डबे खाली आले. गल्लीतली माणसं अंगणात आली. तात्या पिठानं पांढरे होऊन धावत आले आणि म्हणाले, "केरबा, चक्की माझी हाय, आवाज तुझ्या घरात कसा?"

"वाजिवतोय मीच," केरबा म्हणाला, "पण सूर तुमचा लागतोय."

या वेळी चाचांनी त्याला दुकानात येऊ दिलं नाही. फोनवरच घेतलं, तेही इंदूला शेजारी बसवून.

"केरबा, पिकअप तारांच्या खालीच बसव. मधे दोन नाण्यांएवढी फट ठेव, जास्त नको. आणि घूं आली तर गिटार घेऊन सावकाश गोल फिर. सिंगल कॉइलला दिशा कळते. एका बाजूला तोंड केलं की घूं थांबते. नाही थांबली तर दोन पावलं सरक, परत फिर. जिथं थांबेल तिथं थांब. मग कुणी काही म्हणो, तिथून हलायचं नाही."

"असं व्हय! आलं ध्यानात."

आणि नवल म्हणजे या वेळी खरंच आलं. त्यानं तिसरा पिकअप तारांखाली बसवला, दोन नाणी घालून फट मापली, नाणी आठवणीनं काढलीसुद्धा. मग गिटार घेऊन तो सावकाश फिरला. ज्वारीच्या कणगीकडं तोंड झालं आणि घूं थांबली. त्यानं वाजवलं. घरभर इतका स्वच्छ सूर पसरला की इंदूनं हातातली भाकरी तशीच धरून ठेवली. तिचे डोळे भरून आले. आपला नवरा इतकं चांगलं वाजवतो, हे अकरा वर्षं घूंखाली दबून गेलं होतं.

मग तिची नजर डाग पडलेल्या चटईवर गेली. चटई भाजलीही होती. आणि सदऱ्याची बाही फाटली होती. ती बोलायला लागली.

केरबा सावकाश गोल फिरला. दाराकडं तोंड केल्यावर तिचा आवाज जरा कमी आला. तो दोन पावलं सरकला. आणखी कमी आला. असं करत तो विहिरीपाशी पोचला. तिथं आवाज अगदी थांबला, म्हणून केरबाही थांबला. इंदूनं रात्रीची भाकरी विहिरीवर नेऊन दिली, कारण तो हलायला तयार नव्हता.

जत्रेचा दिवस उगवला. दुपारी चारला ऑर्केस्ट्रा, त्यानंतर कुस्त्या. मांडव खच्चून भरला होता. बशीरचाचा मुद्दाम आले होते आणि पहिल्या रांगेत बसले होते. जत्रा कमिटीचे अध्यक्ष बाळगोंडा पाटील त्यांच्या शेजारी होते. त्यांनी गेल्या वर्षीची आठवण ठेवून कानात कापूस घातला होता. मास्तरांनीही काळजी घेतली होती. गिटारीची वायर कुणाच्या पायात येऊ नये म्हणून ती मांडवाच्या मुख्य बांबूला दोन वेढे देऊन करकचून बांधली होती.

"मंडळी," मास्तर माइकवर म्हणाले, "पहिलं गाणं गिटारीवर, आपला केरबा!" आणि माइक झाकून केरबाला म्हणाले, "एक घूं आली तर बघ."

केरबानं गिटार चालू केली.

घूंऽऽऽ.

पदर डोक्यावर गेले. सरपंचांनी टेम्पो कुठं आहे ते बघून ठेवलं. केरबाला मात्र चाचांचा शब्द पाठ होता. तो सावकाश गोल फिरला. पूर्वेला मोठा पाळणा, त्याचं इंजिन. घूं. दक्षिणेला रसवंती. घूं. पश्चिमेला जनरेटर. मोठी घूं. तीन फेऱ्या झाल्या. पोरांना वाटलं नाच आहे, त्यांनी शिट्ट्या मारल्या.

केरबा दोन पावलं सरकला. परत फिरला. घूं जरा कमी झाली. आणखी दोन पावलं. अशा रीतीनं तो स्टेजच्या मागच्या पायऱ्या उतरला.

"केरबा, कुठं चाललास?" मास्तर माइकवरून ओरडले.

कुणी काही म्हणो, चाचा म्हणाले होते. केरबा चालत राहिला. वायर ताणली. त्यानं गिटार पोटाशी धरली आणि जोर लावला. केरबा अंगानं चांगला दणकट होता. आधी बांबू वाकला. मग पडदा आला. मग स्पीकर कलंडले, कीबोर्ड घसरला, जनरेटरची केबल उपटून आली, आणि अख्खा मांडव, कोंबडी पिलांवर बसते तसा, ऑर्केस्ट्रावर हळूहळू बसला. लागलं कुणाला नाही. फक्त कापडाखाली मास्तर इकडून तिकडं फिरताना दिसत होते. मग वायरही गिटारीतून सुटली.

घूं थांबली. केरबा थांबला.

तो कुस्तीच्या आखाड्याच्या मधोमध उभा होता. दोन पैलवान सलामी द्यायच्या तयारीत होते. त्यांनी त्याला बाजूला हो म्हणून सांगितलं. केरबानं नाही म्हणून मान हलवली आणि वाजवायला सुरुवात केली.

सगळी जत्रा वळून आखाड्याभोवती गोळा झाली. माइक नाही, स्पीकर नाही, जनरेटर नाही. नुसत्या तारांचा बारीक आवाज. तो ऐकायला हजारभर माणसं श्वास धरून बसली. पाळणेवाल्यानं इंजिन बंद केलं. रसवंतीवाला चरक सोडून आला. पैलवान मातीत मांडी घालून बसले. पाटलांनी कानातला कापूस काढला. केरबा डोळे मिटून वाजवत होता आणि त्याच्या गालांवरून पाणी येत होतं.

गाणं संपलं. टाळ्यांचा नुसता पाऊस पडला. पाटील पडलेल्या मांडवाकडं वळून म्हणाले, "मास्तर, पॅडबीड काय आणायचा न्हाई. फुडल्या साली बी केरबाच पायजे!" कापडाखालून एक हात वर आला. तो हो म्हणत होता की आणखी काही, ते कळलं नाही.

केरबानं खिशातून दोन पिकअप काढून चाचांच्या हातात ठेवले. "हे दोन परत घ्या, चाचा. तिसराच बरा. एक घूं न्हाई."

चाचांनी गिटार हातात घेतली. खालच्या, वायर खुपसायच्या भोकात बोट घालून बघितलं. "अरे केरबा, वायर तर मागंच निघाली की रे. पिकअप बंद होता तुझा!"

केरबाचे डोळे मोठे झाले. त्यानं गिटार छातीशी धरली.

"बंद असून एवढा वाजला?" तो म्हणाला. "मग तर हाच ठेवतो, चाचा. ते दोन चालू असून बी असं वाजलं न्हाईत."